कॅम्परमधला हीटर

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पाच महिने वहीला हात लावला नाही. माफ कर. आज लिहितेय तेही हातमोजे घालून. हीटर कालपासून बंद आहे. बटण फिरवलं तरी पंख्याची घरघरसुद्धा नाही!

मी दिवसभर साखरेच्या बिटाच्या ढिगावर हंगामी कामाला, बाबा कॅम्परमध्ये एकटे. वय एक्याऐंशी, त्यात ती छाती. विजेची शेगडी लावली की बाहेरच्या खांबावरचं बटण पडून वीजच जाते.

फोनवर माझा भाऊ कर्टिस : "रविवारपर्यंत चालू झाला नाही तर मी येऊन बाबांना माझ्याकडे घेऊन जाणार. तू हिंड, तुला हवं तिथे."

नेऊ देणार नाही. आई गेल्यावर त्याच्या मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलेले बाबा मी पाहिलेत. म्हणून तर त्यांना बाहेर काढलं. की मलाच एकटीनं हिंडायची भीती वाटत होती?

बुधवार, ९

गॅस आहे, चूल पेटते. बॅटरी ठीक. भिंतीवरचं बटण नवीन आणून बसवलं. फ्यूज बघायला उठले तर बाबा अंथरुणातूनच, "तो मी बघितलाय गं. ठणठणीत आहे." चाळीस वर्षं वायरमन होते. तेवढं एक काम वाचलं.

गुरुवार, १०

शेजारच्या कॅम्परमधली बर्नाडेट डोकावली. "धुराड्यात कुंभारमाशीनं घर केलं असेल बघ. आमच्या ह्यांनी त्यापायी अख्खा हीटर उतरवला होता. परत बसवला तेव्हा चार स्क्रू उरले!"

खरंच मातीचं घर निघालं! सगळं खरवडून काढलं, बटण फिरवलं — काही नाही. तिथेच जमिनीवर बसून रडले.

बाबा म्हणाले, "पोरी, सोड आता." मी त्यांच्यावर ओरडले. ओरडायला काय झालं होतं मला?

शुक्रवार, ११

रात्रभर खोकत होते. माझी पांघरुणंही त्यांच्यावर घातली. उद्याचा एकच दिवस.

शनिवार, १२

जमीन गोठली, बीट निघेना, काम बंद. बर्नाडेट वायरीतली वीज तपासायचा दिवा घेऊन आली. एकेक वायर बघत फ्यूजच्या पेटीपाशी पोचली आणि थांबली.

"अगं लोर्ना, इथे फ्यूजच नाहीये."

बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बर्नाडेट दिवा उचलून निघून गेली.

शनिवार, संध्याकाळ

बाबांनीच खिशातून फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवला. "कर्टिसकडे पोरांचा दंगा असतो. बरं वाटतं मला. तू एवढं केलंस माझ्यासाठी — कुठल्या तोंडानं सांगू तुला?"

बसवला. हीटर लगेच सुरू झाला.

उद्या : सकाळीच कर्टिसला फोन. हीटर अजून बंदच आहे म्हणायचं.