दवाखान्यात अननस आणणारे गुरुजी

प्रिय यिंगताई,

धाकट्या चिन-चूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतायत? भावोजी अजून बेकरीच्या भट्टीपुढे बसून सिगारेटी ओढतात का? (ओढत असतील तर हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.) इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नाहीये, पण पत्रात तसं लिहितात.

तर ऐक. मी झाडलोट करते तो हूवेई गावातला दवाखाना केवढा, तर चार माणसांचा. डॉक्टर काओ, नर्स शू-फेन, औषधं देणारा पो-वेन आणि मी. शू-फेन आणि पो-वेन उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. (पंख्याचं तोंड कुणाकडे, यावरून.) औषधाची चिठ्ठी तिच्या हातातून त्याच्या हातात मी नेते, मधलं अंतर दोन पावलं. आता डॉक्टरांनी दोघांना झापावं की नाही? छे! तैपेहून त्साई नावाचे गुरुजी बोलावले, आमची टीम बांधायला. वर बजावलं, जो टीममध्ये बसणार नाही त्याच्याकडे वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीचं डोकं वळेल. म्हणजे नारळ! सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. माझं तोंड तुला ठाऊक आहे. आणि यांची कंबर गेल्यापासून माझ्याच पगारावर चूल पेटते, हेही ठाऊक आहे. म्हणून शनिवारी ओठ घट्ट मिटून गेले.

गुरुजी चकचकीत बुटात आले. म्हणाले, एकमेकांचा एकेक गुण सांगा. शू-फेन म्हणाली, "पो-वेन सुट्टीवर छान जातो." तो म्हणाला, "बाई गप्प असल्या की गोड दिसतात." मग म्हणे, एकानं डोळे मिटून मागे पडायचं, बाकीच्यांनी धरायचं. डॉक्टर पोत्यासारखे मागे पडले. दुसरा धरेल असं प्रत्येकाला वाटलं, संडासातला दिवा दुसरा बदलेल असं वाटतं ना, तसं. डॉक्टरांचं मनगट सुजलं. गुरुजी म्हणाले, "छान! आता आपल्यातली दरी दिसली." मला तर डॉक्टर दिसले, फरशीवर.

मग सगळ्यांचं तोंड गोड करायला त्यांनी खोका उघडला. अननसाचे केक! दवाखान्यात अननस आला की मागोमाग गर्दी येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शू-फेन किंचाळली, "झाका ते आधी!" गुरुजींनी हसून एक तोंडात टाकला, वर म्हणतात कसे, "आज किती शांत आहे इथे!" (असं कोण बोलतं गं दवाखान्यात?)

केक गिळून व्हायच्या आत दारात बस थांबली. देवळाच्या जेवणात नासके शिंपले खाल्लेले म्हातारे, सगळे ओकतायत. डॉक्टरांचा हात झोळीत, ते नुसतं बोलत होते आणि शू-फेन लिहीत होती.

"ए पो-वेन, मीठपाणी कुठाय?"

"डोळे उघड, तुझ्याच हातात आहे!"

उन्हाळ्यानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं हे. मी गुरुजींच्या हातात घमेलं दिलं. म्हटलं, "धरा! धरायलाच शिकवता ना?" एका आजीबाईंनी घमेलं चुकवून बूट साधले. गुरुजी पांढरेफटक पडले, पण धरून उभे राहिले.

संध्याकाळी बस निघून गेल्यावर शू-फेननं आपणहून पंखा पो-वेनकडे वळवला. ते पाहून गुरुजी ओल्या बुटात म्हणाले, "पाहिलंत? टीम बांधली मी!" आणि डॉक्टरांनी मान डोलावली गं! म्हणाले, यंदा कोंबडीचं डोकं मी माझ्याकडेच वळवीन, कुणी जायचं नाही. आणि गुरुजी दर महिन्याला येतील. पुढच्या खेपेला एकमेकांना मिठी मारायची आहे. मी, पो-वेनला!

भावोजींना नमस्कार.

तुझी चिन-चू

ता. क. अननसानं गर्दी होते यावर माझा काडीचा विश्वास नाही. शिंपले नासके होते, बस.

आणखी ता. क. तुझ्या बेकरीतल्या अननसाच्या केकचे दोन खोके गुरुजींच्या पुढच्या खेपेच्या आत पाठव. शिळे चालतील, कुणी खाणार नाहीये. कुठे लपवायचे ते शू-फेन आणि पो-वेननं शेजारी शेजारी बसून ठरवलंय.