शेवटचं जाळं

तीर्थरूप बाबांना,
दमलेल्या पण धडधाकट लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खिडकीतून समुद्र दिसतो आणि इथे कुणालाच घाई नाही. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? आई आठवणीने गोळ्या देते ना?

जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये मला काम मिळालं, ते कळवलंच होतं. परवा एक चूक झाली. बाकीच्या बायका घरी गेल्या तरी मी बसून राहिले आणि फाटक्या जाळ्यांचा अख्खा ढीग संपवला. काम अर्धं टाकून उठायचं नाही, ही तुमचीच शिकवण.

सकाळी शेडवाल्या काकू रिकाम्या कोपऱ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, समुद्र शांत होईपर्यंत होड्या बंद. तोवर त्या ढिगावरच आमची रोजी होती!"

"हिला पदक द्या," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी इथे विसाव्याला आले होते ना!

आज किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीतून शेवटचं फाटकं जाळं आलं. काकूंनी ते आम्हा सगळ्यांच्या मांडीवर पसरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे पुरवून पुरवून करायचं." दुपारपर्यंत माझी बाजू पुरी झाली. बाकीच्यांचं जेमतेम सुरू झालं होतं. मग मान खाली घालून मी माझ्याच गाठी एकेक करून सोडल्या.

शेजारच्या बाईने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आता जमतंय हं तुला."

बाबा, रागावू नका.

तुमची,
थोरली