आत्याचे गाल

पुणे, ६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
कोमलचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू यंदाही माहेरी, हट्ट्याला, आली नाहीस. बाबांनी सकाळीच पाट मांडून ठेवला होता, तो दिवेलागणीला मुकाट्यानं उचलला. मी आईला विचारलं तर आई म्हणाली की यजमान, किशनमामा, गेल्यापासून वन्संचं मन कशात लागत नाही, झुरून झुरून तोंडाची पार रया गेली. मला ते पटलं नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन लागला की बालाजीदादा तो स्पीकरवर टाकतो आणि अख्खं घर ऐकतं. मला विचारायचंय ते घरानं ऐकण्यासारखं नाही.

मी पुण्यात चरबीचा अभ्यास करते म्हणून तू मला हसतेस, की कणगीएवढं शिकून पोरगी शेवटी लोण्यातुपातच अडकली. काम असं आहे की वेगवेगळ्या औषधांनी चरबीच्या पेशींच्या आत काय बिघडतं ते आम्ही बघतो. मागच्या महिन्यात एक जुना लेख वाचत होते. त्यात बायकांचे फोटो होते, डोळ्यांवर काळी पट्टी. गाल आत गेलेले, हातांच्या शिरा वर आलेल्या, पोट मात्र गोल. आत्या, एका फोटोवर माझा हात थांबला. ती तू नव्हतीस, पण ते तोंड तुझंच होतं.

एवढंच सांग, मामा गेले तेव्हापासून तू रोज एक गोळी घेतेस का? माझी चूक असेल तर भेटल्यावर दोन थपडा दे. बरोबर असेल तर हा कागद चुलीत घाल.

लोभ आहेच, तो या प्रश्नानं आटू नये.
तुझी कोमल


साखरा, १८ नोव्हेंबर २०२४

चि. कोमलला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोस्टमननं मारुतीच्या पारापाशी हातात दिलं. तुझे कागद घरी जात न्हाईत, काळजी करू नको. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, मिनाची म्हैस आटली. बाकी सगळे खुशाल हायेत.

व्हय. तू बराबर वळखलंस. हे गेले त्याच साली माझं रक्त तपासलं, त्यात यांचाच रोग निघाला, त्याला आता अठरा वर्सं झाली. यांनी तो कुठून आनला ते सांगितलं न्हाई, मी बी विचारलं न्हाई. पहिले गोळ्यांसाठी नांदेडला जावं लागायचं. वारंगा फाट्याला गाडी बदलताना पदर तोंडावर घेऊन चहा पीत बसायचे. आता हिंगोलीतच भेटतात. लेकाला, बालाजीला, बीपीची गोळी म्हनून सांगितलंय. माझी पितळी, माझा पेला अलग हाये. मिना नवी सून म्हनून आली तव्हा तिला सांगितलं की मी माळ घातलीय, माझं सोवळं हाये. ती भोळी, तिला पटलं. दवाखान्यातल्या मॅडम म्हनतात भांड्यानं काहीच होत न्हाई. मला ते कळतं, पन हात धजत न्हाई.

गाल दोन-तीन वर्सांतच गेले. एका लग्नात सेनगावची एक बाई माझ्या तोंडाकडं बघून राहिली आन् मग तिनं आपलं ताट उचलून पलीकडच्या पंगतीला नेलं. तिनं असं तोंड कुठं तरी पाहिलेलं असंल. तव्हापासून लग्न बंद, भाऊबीज बंद. तुझ्या बापाला सांगू नको.

पाय बी बधीर हायेत. परवा बाभळीचा काटा पायात घेऊन वावरातून घरापस्तोर आले, ठाव न्हाई. मिनाला वसरीत रक्ताचे ठसे दिसले. ती पाय धरायला आली तर मी तिच्यावर वसकले आन् माझी मीच सुई घेऊन बसले. पोरगी हिरमुसली. काटा निघताना बी काही वाटलं न्हाई. आताशा कशाचंच काही वाटत न्हाई, पायाचंच काय घेऊन बसलीस.

तू शिकलेली हायेस, तर एक सांग. माझं तोंड रोगानं खाल्लं, का काळजीनं, का माझ्या करमानं? मला कुनी सांगितलं न्हाई.

माया हाये तशी ठिव.
तुझी आत्या, द्वारकाबाई


पुणे, २७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
कोमलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. तू इतकं सरळ लिहिलंस, तर मीही सरळ लिहिते.

कर्मानं नाही आणि काळजीनंही नाही. तुझं तोंड गोळीनं नेलं. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या चुली असतात, मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. खाल्लेल्या अन्नाची ऊब नि ताकद तिथं होते. या रोगाचा विषाणू, एचआयव्ही, सारखी स्वतःची नक्कल काढत वाढतो, आणि गोळी ती नक्कल बिघडवते. पण त्या चुलींनाही अधूनमधून स्वतःची नक्कल काढावी लागते. गोळीनं विषाणूबरोबर त्यांचीही बिघडवली. कातडीखालच्या चरबीला ते फार सोसत नाही. एकेक चूल विझते, पेशी वाळतात, मग गाल जातात, दंड जातात. पायांच्या नसांचंही तसंच होतं, म्हणून तुला काटा कळला नाही.

गोळीनं तुला जगवलं आणि त्याच्या मोबदल्यात गाल घेतले, असं समज. यात तुझा काडीचाही दोष नाही. त्या सेनगावच्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आमच्या प्रयोगांना अशी औषधं लागतात आणि ती घेतलेल्या माणसाच्या चरबीचा कणभर नमुनाही लागतो. दोन्ही मिळता मिळत नाहीत. तू मला फोटोआधी का आठवली नाहीस, याचं वाईट वाटतं.

लोभ असावा, आणि पायात चप्पल असावी.
तुझी कोमल


साखरा, ३ जानेवारी २०२५

चि. कोमलला आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वाचून रडू यील असं वाटलं व्हतं, न्हाई आलं. म्हंजे अठरा वर्सं मी माझ्याच हातानं माझं तोंड खाल्लं. एवढं मातर बरं झालं की करम न्हवतं.

या पुडक्यात हट्ट्याची हळद हाये, तुझ्याच बापानं मागं पोचवलेली. तिच्या मधोमध पिशवीत डिसेंबरच्या गोळ्या हायेत, तीसच्या तीस. पोस्टात कुनी विचारू नये म्हनून हळदीत घातल्या. तुमाला भेटत न्हाईत म्हनलीस, तर तुझ्या कामाला येतील. मी त्या बंद केल्या. दवाखान्यात उरलेल्या गोळ्या मोजून बघतात, मी रिकामी बाटली दाखवली तर मॅडम खूष झाल्या. जानेवारीची बाटली आनली हाये, ती बी धाडीन.

बंद करून महिना झाला. काहीच झालं न्हाई. भीती बी वाटली न्हाई. रोज न्हाताना गालाला हात लावून बघते. त्या चुली पुन्यांदा पेटत असतील तर दिवाळीपस्तोर थोडं तरी भरून यील. तसं झालं तर यंदा भाऊबीजेला पाटापुढं मी असंन, तुझ्या बापाला सांगून ठिव. कारन सांगू नको.

मिनाची म्हैस गाभन हाये. तुरी काढनीला आल्यात.

माया पातळ करू नको.
तुझी आत्या, द्वारकाबाई


पुणे, १० जानेवारी २०२५, स्पीड पोस्टानं

ती. आत्यास,
कोमलचा नमस्कार.

हळद चाळणीत ओतली आणि गोळ्या खणखणल्या. लगेच फोन लावला. दादानं उचलला, स्पीकरवर. तू वावरात होतीस. मागे मिनावहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडून एवढंच निघालं की हळद पोचली, फार पिवळीधमक आहे. इतकी भित्री मी. तू अठरा वर्षं सांभाळलेलं मी एका फोनात उघडं कसं करू, म्हणून हा कागद.

आत्या, चूक माझी आहे. चुलींवर मी अख्खं पान लिहिलं आणि एक ओळ लिहायची राहिली. तुझे गाल नेणारी गोळी जुनी होती. ती सरकारनं कधीच बंद केली, तुझीही बदललेली आहे. गोळीचा रंग नि आकार बदलला असेल, आठवून बघ. तू आता घेत होतीस ती वेगळी आहे, ती गाल वाळवत नाही. ती बंद केल्यानं गाल येणार नाहीत. विषाणू येईल. गेलेली चरबी पुरती भरून येत नाही, हेही तुला आधीच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.

हा कागद मिळेल त्या दिवशी हिंगोलीला जा आणि मॅडमला खरं सांग, की एवढे दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. त्या रागावतील, रक्त तपासतील, पुन्हा सुरू करतील. जानेवारीच्या गोळ्या मला पाठवू नकोस. मला त्या नकोत, मला तू हवी आहेस. सात दिवसांत पत्र आलं नाही तर मी साखऱ्याला येते, मग घरात काय कळायचं ते कळू दे.

लोभाचं नंतर बघू, आधी गोळी घे.
कोमल


साखरा, २७ जानेवारी २०२५

चि. कोमलला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

सात दिवस कधीच उलटले, तू येशील म्हनून मिनाकडून तुला फोन करवला. तब्येत बरी हाये, येऊ नको, पत्र येतंय, एवढंच ती बोलली. ती एवढंच काहून बोलली ते आता लिहिते.

साधा कागद पोस्टमन मला पाराजवळ देतो. स्पीड पोस्टाला सही लागते, म्हनून तो घरी आला. मी तुरीत व्हते. सही मिनानं केली. असा घाईचा कागद म्हंजे हट्ट्यात कोनाचं तरी बरंवाईट झालं असंल, असं समजून तिनं तो फोडला. तिचा दोष न्हाई, मी बी फोडला असता.

दोन दिवस तिनं तो कागद दाबून ठेवला. एकदा भाकर तव्यावर जळाली तरी ती बघतच बसली. तव्हाच मला कळलं की हिला कळलं. मला वाटलं आता ही माहेरी जानार, बालाजीला सांगनार. मी माझं गाठोडं बी मनातल्या मनात बांधलं. धास्ती वाटली असं बी न्हाई. नुसतं बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी तिनं बालाजीला सांगितलं की तिची दाढ दुखते, हिंगोलीला जायाचंय, सोबतीला मला नेते. गाडीत तिनं तुझा कागद माझ्या मांडीवर ठेवला आन् ती खिडकीकडं बघून राहिली. दवाखान्याच्या फाटकाशी मातर माझ्याकडं वळून कोनत्या खोलीत जायाचं ते तिनं विचारलं. मॅडम लई रागावल्या. रक्त घेतलं, त्याचा कागद यायचा हाये. वाईट आला तर वाईट, मॅडम म्हनल्या की तरी वाट हाये. गोळी त्याच दिवसापासून चालू केली. बालाजीला सांगायचं काम माझं हाये, ते मी करावं, असं मिना येताना म्हनली. त्याच्याम्होरं माझं तोंड अजून उघडलं न्हाई. उघडंल.

त्या सांजेला दिवा लावल्यावर मिना गोळी घेऊन वसरीत आली. पानी तिच्या सोताच्या पेल्यात व्हतं. मी तिला माझा पेला आनायला सांगितलं. तर ती म्हनली की त्याच्यात आता हळद भरून ठेवलीय, तो रिकामा न्हाई. मग मी तिच्याच पेल्यातून गोळी घेतली. अर्धं पानी उरलं, ते तुळशीत टाकायला उठत व्हते. तिनं माझ्या हातातला पेला घेतला, उभ्या उभ्या ते पानी पिली आन् पीठ मळायला आत गेली.

मी तिथंच बसले. अठरा वर्सांत माझ्या उष्ट्याला कोनी तोंड लावलं न्हवतं, लेकानं बी न्हाई, मीच लावू दिलं न्हाई. मला काही वाटलं न्हाई, असंच तुला लिहिनार व्हते, सवयीनं. पन तोंड पुसायला पदर वर केला तर गालाच्या खळग्यात ओलं लागलं. लई वर्सांनी लागलं.

तुझ्या प्रयोगाला चरबी पायजे ना, ती पोटावरची घे. तिथं अजून हाये. गाल न्हाई भरले तरी भाऊबीजेला मी याच तोंडानं येते. तुझ्या बापाला पाट मांडायला सांग, आन् या वेळी कारन बी सांग.

माया वाढली तर वाढू दे.
तुझी आत्या, द्वारकाबाई