रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

दादा,
लिनक्सवर तुझ्या गाण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर बरं, हे बघायला मी तुझ्या रिकाम्या खोलीतली शांतताच रेकॉर्ड केली. आर्डर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं. वाटलं, माइकने शेजारचा आवाज पकडला असेल. मग माइकची वायर काढून रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर करून पाहिलं. ते उघडतं पटकन, पण तिथे तीच चाल पुढे सरकलेली! वहिनी गेल्यावर तू अर्धवट सोडलीस ना, तीच. शेवटही जमलाय. त्यानंतर तिचा आवाज आहे: "पुरे आता, जेवून घे."

दोन्ही फाइली ठेवल्यात. तुला हवं ते सॉफ्टवेअर घे, माझं डोकं चालेनासं झालंय. मी मावशीकडे झोपायला जातेय.

आणि ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट मी वाढलेलं नाही.