जमीन नसलेला प्रांत

आप्पा,

चीनमधले जुने प्रांत तुम्ही कॉलेजात मुलांना शिकवत होता, पण त्याचा ताप आम्ही घरात सोसला. भाड्याच्या त्या दोन खोल्यांत नकाशा लावायला तुम्हाला स्वयंपाकघराचीच भिंत सापडली, आणि त्यावर फोडणी उडाली की ओरडा आईला. ती भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून मला सांगताय, की उत्तर चीन परक्यांच्या हाती गेला, माणसं नदी ओलांडून दक्षिणेत आली, आणि तिथल्या दरबारानं गमावलेल्या प्रांतांचीच नावं देऊन त्यांच्यासाठी नवे प्रांत काढले. सुभेदार होता, कचेरी होती, शिक्का होता. जमीन तेवढी नव्हती. दुसऱ्याच्या जिल्ह्यात बिऱ्हाड करून राहिलेला प्रांत! हे सांगताना तुम्ही असे खुलायचा की मला संताप यायचा. अहो, तुम्ही आमचंच सांगत होता, आणि ते तुम्हालाच दिसत नव्हतं.

आपलं गाव कर्नाटकात गेलं तेव्हा तुम्ही शिकायला कोल्हापुरात होता. नोकरी इथं, लग्न इथं, मीही इथलीच. पण घर घ्यायचं नाव काढायचं नाही, कारण सीमेचा निकाल लागला की गावी जायचं! नव्वद सालानंतर कधीतरी कोल्हापूरला लागून गडमुडशिंगीला प्लॉट निघाला, तुम्ही बघून आलात आणि नको म्हणालात. आईनं परातच आपटली. "घरमालक सांगंल तवा भांडी उचलायची व्हय? म्हातारपणी तरी मला माझ्या चुलीपुढं बसू द्या की!" तुम्ही म्हणालात, "हितं घर बांधलं की गाव सोडल्यागत हुतंय." मग मी तुमचाच धडा काढला. "आप्पा, त्या दरबारानंच शेवटी हुकूम काढला न्हवं, जिथं ऱ्हाताय तिथंच नाव लावा म्हणून?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "काढला की. पण कुणी ऐकंना म्हणून परत परत काढावा लागला, ते बघ." आणि हात धुवायला उठलात. वादात तुम्ही जिंकलात आणि प्लॉट दुसऱ्यानं घेतला.

तुम्ही गेलात ते भाड्याच्याच खोलीतून. आईनं त्यानंतरही बिऱ्हाडं हलवली, आणि प्रत्येक वेळी टेम्पोत सामान चढवताना मी तुम्हाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. शेवटी यंदा त्याच गडमुडशिंगीत मी तिला घर बांधून दिलं. हे तुझं घर, असं बांधकाम चालू असताना मी तिला रोज सांगायची. वास्तुशांतीच्या आधी पाटीवाला दारात येऊन म्हणाला, "ताई, नाव काय घालायचं?" आई आत होती. मी तुमच्या गावाचं नाव सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. त्या गावात मी एक रात्रसुद्धा काढलेली नाही, आप्पा.

पाटी बसली तशी आई बाहेर आली. वाचून म्हणाली, "माझं घर म्हणालतीस की गं."

हे पत्र काही कुठं धाडायचं नाही. पाटी काढायला माणूस बोलवायला हवा, तो मी अजून बोलावलेला नाही.