भट्टीच्या दारातली वीट

प्रिय ठमे,

बस घाटाखाली चहाला थांबली आहे आणि मी बाकावर बसून हे लिहितोय. सोमवारी तू भट्टीची किल्ली मालकिणीला परत देणार, सामान बांधणार आणि कायमची घरी येणार. आईला फोनवर सांगितलं तर ती आनंदाने रडलीच. मी मात्र सकाळपासून नुसता बेचैन आहे.

खरं तर मी तुला परत न्यायलाच आलो होतो. आईने तशी तंबीच दिली होती. पण त्या डोंगरातल्या गावात पाऊल टाकलं आणि माझी पंचाईत झाली. दर दोन घरांआड कुणी लाकूड कोरतंय, कुणी विणतंय, घाई कुणालाच नाही. समोरच्या विणकरबाईंनी 'सुरईवालीचे बाबा' म्हणून मला बसवून घेतलं आणि तासभर तुझंच कौतुक ऐकवलं. लहानपणी पाच मिनिटं एका जागी न टिकणारी तू, अख्खी सकाळ चाकापाशी मान खाली घालून बसलेली दिसलीस आणि मी काय बोलायला आलो होतो तेच विसरलो.

मग प्रदर्शनाच्या त्या बावीस सुरया भट्टीत गेल्या. आग विझल्यावर दोन दिवस दाराला हात लावायचा नाही, हे तू मला चारदा बजावलंस आणि माती आणायला गेलीस. पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं झडपा उघडून तपासलेला माणूस मी. काही बंद दिसलं की माझे हात शिवशिवतात. दोन दिवसांनी तू भट्टी उघडलीस तेव्हा एकही सुरई धड नव्हती. तुकडे गोळा करत तू एवढंच म्हणालीस, "बाबा, माझ्या हातालाच हे जमत नाही." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वर म्हणालो, मातीतच खोट असेल. लिहितानाही लाज वाटते.

खोट मातीत नव्हती, तुझ्या हातात तर नव्हतीच. तू गेलीस त्या दुपारी मी दारातली सुटी वीट काढली. फक्त डोकावणार होतो. डोंगरावरचा गार वारा सरळ आत शिरला आणि आतून टण्‌ टण्‌ आवाज यायला लागले. घाबरून वीट परत बसवली आणि तुझ्यासाठी चहा टाकला, जसं काही झालंच नाही. फोनवर हे सांगायला तोंड उघडेना. दोनदा नंबर लावून बंद केला. वर जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे पत्र देतोय, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण किल्ली देऊ नकोस.

तुझाच,
बाबा