बदकं, अळंबी आणि ताईचा हट्ट

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंदाही सगळे टोमॅटो मातीमोल गेल्याचं दाजींकडून कळलं. तू कळवलं नाहीस, कारण मी काय म्हणणार हे तुला ठाऊक आहे. तरी म्हणतोच. शेताला गिऱ्हाईक आलंय. बाबांनी जमीन दोघांच्या नावे केली. माझी सही तयार आहे, तुझी हवी. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करतो, पण जीव तुमच्यात अडकलेला असतो. दोघं इकडे या. मी सांभाळीन.

तुझा,
छोट्या

२० मार्च

चि. छोट्यास,
अ. आ. वि. वि.

मोठा आलास सांभाळणारा! तुझं नाक मी पुसलंय. सहीचं एका वर्षानं बोलू. चूक जमिनीची नाही. सगळं शेत एकाच पिकाच्या भरवशावर सोडलं, ही आमची. आता टोमॅटो अर्ध्यातच. उरलेल्यात वाटाणा आणि भोपळा. तुझ्या खोलीत अळंबी लावली, तुझं शाळेतलं उत्तेजनार्थ बक्षीस माळ्यावर गेलं. शिवाय वीस बदकं आणलीत. ती गोगलगायी खातात, अंडी देतात आणि दाजींच्या मागे रांगेनं फिरतात. या वयात अब्रू गेली, असं दाजी म्हणतात. पण बदकांना हाक मारताना आवाज इतका गोड काढतात की लग्नानंतर मी तो पहिल्यांदाच ऐकला.

भावजयीला आशीर्वाद.
ताई

२ नोव्हेंबर

चि. छोट्यास,
अ. आ.

मंगळवारी गारपीट झाली. टोमॅटो आणि वाटाणा आडवे, भोपळ्यांची चाळण. दाजी बांधावर बसले ते उठेनात. मीही शेजारी बसले. खोटं कशाला सांगू, तुझा सहीचा कागद मागवावा असं वाटलं. तेवढ्यात बेकरीवाला दारात हजर. गारा पडोत नाहीतर दगड, त्याला केकसाठी अंडी हवीच होती. मागोमाग खाणावळवालीनं अळंबीसाठी माणूस धाडला. परवाची तिला पुरली नव्हती. दाजी उठले आणि टोपली आणायला गेले. चैन होणार नाही, पण वर्ष निभेल. सही मात्र मिळणार नाही.

ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडलो, मग शेताच्या गिऱ्हाइकाला नकार कळवला. तो इतका चिडला की माझ्याकडे शिवायला टाकलेला कोट एकाच बाहीनिशी घेऊन गेला. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय. एक वाफा आमच्यासाठी राखून ठेव. ही म्हणते फुलं लावू, मी म्हणतो लसूण. दोन दिवस अबोला आहे.

लोभ आहेच. वाफ्याला पाणी तेवढं तू घालत जा.

छोट्या